माहिती सगळ्यांना आहे, मग माणूस तपासायला येत का नाही?

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या शिक्षिकेने विचारलं आहे: पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, थिएटरात पिक्चरच्या आधी तंबाखूची जाहिरात लागते, मोबाइलवर रोज कॅन्सरचं काही ना काही येत असतं. तरी आमच्याकडची माणसं पार हाताबाहेर गेल्यावरच दवाखाना गाठतात. मग या माहितीने लोकांचं वागणं बदलतं की नाही? ऑक्टोबरमध्ये आमच्या महिला मंडळाचा कॅन्सर जागृतीचा कार्यक्रम आहे. त्यात काय सांगावं?

ताई, मी सामाजिक वैद्यकशास्त्रातला डॉक्टर. सातपूरच्या कारखान्यांपासून सुरगाण्याच्या पाड्यांपर्यंत तपासणी शिबिरं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. हो, बदलतं. पण ‘कॅन्सर फार वाईट’ या माहितीने नाही. ती शेंबड्या पोरालाही आहे. मी कुठे जायचं, तिथे माझं नेमकं काय करणार, खर्च किती आणि काही निघालंच तर पुढे काय, एवढं ज्याला कळतं तो हलतो. आपल्या पोस्टरांवर पहिल्या प्रकारची माहिती ढीगभर असते आणि दुसऱ्या प्रकारची शोधून सापडत नाही.

तंबाखूचंच बघा. एप्रिल २०१६ पासून पुडीचा आणि पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. त्यानंतर झालेल्या २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के, विडी ओढणाऱ्यांपैकी ५४ टक्के आणि खाणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सांगितलं की तो इशारा बघून सोडावंसं वाटलं. महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, ते २६.६ वर आलं. हे श्रेय एकट्या चित्राचं नाही. मधल्या काळात, २०१२ मध्ये, राज्यात गुटखाबंदी आली, कर वाढले. पण चित्राचा काहीच उपयोग नाही असं जे सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही.

मग खाणारा ओढणाऱ्यापेक्षा कमी का हलला? टपरीजवळ पाच मिनिटं उभ्या राहा. माणूस पुडी घेतो, कोपरा दाताने फाडतो, तंबाखू डबीच्या एका अंगाला ओततो. दुसऱ्या अंगाला चुना असतोच. पुडी तिथेच गटारात. ते चित्र त्याच्या हातात फार तर अर्धा मिनिट राहिलं; दिवसभर खिशात राहते ती डबी, आणि डबीवर चित्र नाही. बायकांचं तर त्याहून पुढचं. मिश्रीसाठी तंबाखू घरी तव्यावर भाजतात, कुटतात आणि जुन्या पावडरच्या डब्यात भरून मोरीच्या कोनाड्यात ठेवतात. तिथे कसला इशारा अन् कसलं काय. शिबिरात “मावशी, तंबाखू खाता का?” असं विचारलं की “नाही बाई, आमच्यात कुणीच नाही” असं ठणकावून उत्तर येतं. “आणि मिश्री?” म्हटलं की “ती काय, दात घासायपुरती,” म्हणून मान डोलते. म्हणजे तंबाखूविरुद्धची सगळी जाहिरात तिने ऐकलेली असते, पण ती आपल्याबद्दल आहे हे तिच्या गावीही नसतं. सुपारीचंही तेच. नुसती सुपारी, तंबाखू न घालता, कॅन्सरला कारणीभूत ठरते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच दिला. तरी “मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी” हे वाक्य मला अभिमानाने ऐकवलं जातं. (सिन्नरकडे बोलायला गेलात तर आवाज जरा जपून लावा. तिथे कित्येक घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या विडीवर पेटली आहे. पानं कापणाऱ्या बाईला तंबाखूचं पाप सांगून आपण तिला फक्त परकं करतो.)

त्या चित्राजवळ २०१८ पासून एक टोल-फ्री नंबरही छापलेला असतो, १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी ही सरकारी सेवा आहे. पुडी रोज हाताळणाऱ्यांना हा नंबर विचारून बघा. चित्राचं वर्णन बारकाव्यानिशी करतील, नंबर पाहिलेला नसेल. माझ्या मते अख्ख्या पुडीवरची सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

सातपूरला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आम्ही भाषण न करता सगळ्यांना एकच गोष्ट करायला लावली होती: हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला. पोरं हसली, एकमेकांचे फोटो काढले. मागच्या बाकावरच्या एका पंचविशीतल्या मुलाची दोनच बोटं आत जात होती. त्याने हात बदलून पाहिलं, मान वर करून पाहिलं. शेजारचा म्हणाला, “अरे उघड ना नीट.” तो म्हणाला, “उघडलंय की!” सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं, आणि त्यातूनच पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. त्या मुलाने पुडीवरचं चित्र हजारदा पाहिलं असणार. पण स्वतःच्या तोंडाची बातमी त्याला पहिल्यांदाच कळत होती. त्याच बैठकीत त्याला दंतवैद्याच्या नावाची चिठ्ठी, वार आणि वेळ दिली, सुपरवायझरकडून अर्ध्या दिवसाची सुटी मंजूर करून घेतली. ही सुटी नसती तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं.

नुसती माहिती आणि माहितीसोबत तपासणी यांतला फरक आपल्याच राज्यात मोजला गेला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांचे दोन गट केले. एका गटाला सुरुवातीला एकदा कॅन्सरची माहिती दिली. दुसऱ्या गटाला माहिती तर दिलीच, शिवाय दर दोन वर्षांनी वस्तीतच गर्भाशयमुखाची तपासणी केली. तीही डॉक्टरांकडून नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. दुसऱ्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माहिती दोघींनाही होती, लक्षात घ्या.

आणि आपलं वास्तव? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के. स्तनाची ०.९ टक्के. याला माझे काही सहकारी ‘अज्ञान’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. पेठ तालुक्यातल्या बाईला उपकेंद्रात तपासणी मिळते हेच कुणी सांगितलेलं नसेल, जीप दिवसातून ठरावीक वेळीच असेल आणि तपासायला पुरुष आहे की बाई ते माहीत नसेल, तर ती न येण्यात शहाणपण आहे.

आता भीतीकडे येतो, कारण ‘जरा घाबरवल्याशिवाय लोक ऐकत नाहीत’ हे मत मंडळाच्या बैठकीत नक्की निघेल. भीती काम करते, पण एका अटीवर: पळायला वाट दिसली पाहिजे. वाट दिसली की माणूस तपासायला येतो. नाही दिसली तर तो भीतीलाच आवरतो, म्हणजे विषय टाळतो, गाठ झाकतो, “मला काही होत नाही” म्हणतो. छातीत गाठ लागलेली बाई सहा महिने गप्प बसते, ती कॅन्सर माहीत नसल्यामुळे नव्हे. कॅन्सर हाच शब्द तिच्या मनात पहिल्या दिवशी आलेला असतो, म्हणूनच ती गप्प असते. शिवाय गाठ दुखत नसते. दुखत नाही म्हणजे साधी, हा आपला समज. सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाहीच, हे मात्र कुठल्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात नसतं.

त्यात ‘सुई लावली की पसरतो’ ही समजूत. जिल्ह्यात कुठेही जा, हे वाक्य तुमच्याआधी पोचलेलं असतं. त्यावर नुसतं “हा गैरसमज आहे” म्हणून पुढे जाऊ नका. तो कुठून आला ते सांगा. उशिरा आलेल्या रोग्याची बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा कण काढून तपासणी, होते, रिपोर्टला वेळ लागतो, मग पैशांची जुळवाजुळव, मुंबईला जायचं की इथेच हा घोळ, मध्येच कुणी बाबा सुचवतं. दोन-तीन महिने जातात आणि गाठ वाढते. घरच्यांच्या डोळ्यांसमोरचा क्रम असा: सुई लावली, मग वाढली. दोष सुईच्या माथी बसतो, उशीर मोकळा सुटतो. आणि समजुतीत एक कणभर तथ्यही आहे, तेही कबूल करा. तपास न करता कुठेतरी गाठ अर्धवट कापून काढली, तर पुढचे उपचार खरोखर अवघड होतात. म्हणून आधी सुईने तपास, मग नियोजन करून ऑपरेशन, हा क्रम आहे. असं सांगितलं की बायका ऐकतात, कारण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आपण खोटं ठरवत नाही.

‘कॅन्सर म्हणजे कॅन्सल’ हे लोक का म्हणतात, त्याचं कारण मला वाटतं याहून खोल आहे. आपल्या गल्लीत कॅन्सरने गेलेली माणसं सगळ्यांना ठाऊक असतात. बरी झालेली कुणालाच ठाऊक नसतात, कारण ती लपवतात. पोरीचं लग्न जमायचं असतं. सासरचे काय म्हणतील, शेजारीण हळदीकुंकवाला बोलावेल का, हे असतं. केस गळले की “टायफॉइड झाला होता” सांगतात. मुंबईला उपचाराला जायचं तर “भावाकडे चाललेय” म्हणून पंचवटी एक्स्प्रेस पकडतात. त्यामुळे गावाच्या हिशोबात फक्त मृत्यूच जमा होतात आणि त्या हिशोबाने कॅन्सर म्हणजे मरण हेच उत्तर येतं. हे लोकांचं अडाणीपण नव्हे. समोर असलेल्या पुराव्यावरून कुणीही हाच निष्कर्ष काढेल. तुमच्या कार्यक्रमात व्याख्यात्यापेक्षा पंचक्रोशीतली एखादी बरी झालेली बाई पाच मिनिटं बोलायला तयार झाली तर माझ्यासारख्याला बोलावण्याची गरज नाही. तिच्यावर जबरदस्ती मात्र करू नका, आणि तिचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

प्रसिद्ध माणसांच्या आजाराचा परिणाम वेगळाच असतो: जोराचा आणि थोडक्यात ओसरणारा. ब्रिटनमध्ये टीव्हीवरची जेड गुडी ही तरुणी २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. तिचा आजार जाहीर झाल्यापासून वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा सुमारे पाच लाख जास्त बायकांनी तपासणी करून घेतली. तिथे बातमी वाचून उठलेल्या बाईला तपासणीचं बोलावणं पत्राने घरी येत होतं, हे विसरू नका. २०१३ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोली हिने आनुवंशिक धोका असल्यामुळे, कॅन्सर होण्याआधीच, स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं. नंतरच्या पाहणीत चारपैकी तीन अमेरिकनांना तिची गोष्ट माहीत होती, पण तिचा धोका आणि चारचौघींचा धोका यांतला फरक नीट समजलेले दहा टक्केही नव्हते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये अभिनेत्री पूनम पांडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेल्याची खोटी बातमी ‘जागृती’ म्हणून पसरवली गेली. त्या आठवड्यात मला फोन आले ते नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडकडच्या विशी-पंचविशीतल्या मुलींचे, ज्यांना त्या तपासणीची घाई नव्हती. चाळिशीतल्या ज्या बायकांना होती, त्यांना पूनम पांडे कोण हेच माहीत नव्हतं. बातमी आधीच जागे असलेल्यांना आणखी जागं करते, ही तिची मर्यादा.

उलटा परिणामही तितकाच खरा. जपानमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीबद्दल भीतीदायक बातम्या आल्या, २०१३ मध्ये सरकारने शिफारस मागे घेतली, आणि मुलींमधलं लसीकरण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली आलं. शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर कडुनिंब, हळद, लिंबूपाणी अशा आहाराने बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांना पत्रक काढावं लागलं. भाजीपुरत्या हळदीने सहसा कुणाचं नुकसान होत नाही. लक्ष्मणफळानेही, कधीतरी फळापुरतं खाल्लं तर, सहसा नाही. नुकसान होतं ते “आधी महिनाभर हे करून बघू” यातल्या महिन्याचं.

एक गोष्ट सुशिक्षितांसाठी. दिवाळीच्या सुमारास लॅबवाल्यांची ‘कॅन्सर मार्कर’ची पॅकेजं येतात. काही त्रास नसलेल्या माणसाने ती रक्ततपासणी करून घेण्यात सहसा अर्थ नसतो. आकडा जरा वर दिसला की स्कॅन, मग दुसरा स्कॅन, आणि घरभर रडारड. जास्त तपासणी म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, याचा मोठा दाखला दक्षिण कोरियाचा. तिथे गळ्याच्या सोनोग्राफीची लाट आली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. २०१४ मध्ये काही डॉक्टरांनी हे वर्तमानपत्रांतून जाहीरपणे मांडलं, आणि वर्षभरात थायरॉइडची ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी घटली. माहितीमुळे लोक नको ते करायचं थांबले, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

तुमच्या भागात द्राक्षांवरच्या फवारणीचा प्रश्न हमखास येईल. उत्तर टाळू नका. काही कीटकनाशकांवर शंका आहे. पण ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याच्या अंगावर पडणारं औषध आणि धुऊन खाल्लेल्या घडावरचा अंश यांची बरोबरी होत नाही. मास्क, हातमोजे, फवारणीनंतर अंघोळ आणि ते कपडे वेगळे धुणं, हे मजुरांना सांगा. आणि प्रश्न विचारणाऱ्या भाऊंच्या गालात पुडी आहे का, तेही बघा. मी पाहिलंय, बहुतेकदा असते. सुपारीबद्दल निर्वाळा देणाऱ्या त्याच कर्करोग संस्थेच्या ‘कॅन्सर होऊ शकतो’ अशा यादीत दोन वस्तू एकत्र दिसल्या म्हणजे दोघींचा धोका सारखा नसतो. यादी फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. (रेड वाइन हृदयाला चांगली, हे नाशिककरांचं लाडकं मत. दारू १९८८ पासून पक्क्या पुराव्याच्या यादीत आहे. वाइन म्हणजे दारूच.)

आता तुमचा कार्यक्रम. स्तनाची स्वतः तपासणी कशी करायची याचं प्रात्यक्षिक ठेवू नका असं मी सुचवेन. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांवर हे तपासून पाहिलं गेलं. शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. त्याऐवजी बदल ओळखायला सांगा: नवी गाठ, कातडी आत ओढली जाणं, बोंडातून रक्त, आणि असं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवणं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दुर्गंधी असलेलं पांढरं पाणी, तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड किंवा चट्टा. एवढं पुरे. तिशीपुढच्या प्रत्येकीला गर्भाशयमुखाची तपासणी कशी होते ते जसंच्या तसं सांगा: सिस्टर असते, पडदा असतो, पाच-दहा मिनिटं लागतात, थोडं चुरचुरतं. डाग दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. बऱ्याचदा तो साधा दाह निघतो, आणि कॅन्सरच्या आधीचा टप्पा निघाला तरी तिथेच उपचार होऊ शकतो. महात्मा फुले योजनेचं आणि आयुष्मान कार्डाचं काम कोण करून देतं, त्या माणसाला प्रत्यक्ष बोलवा. आशाताईंना व्यासपीठावर बसवा; त्यांच्याकडे तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायचं काम असतंच. कार्यक्रमानंतर कोण गेली आणि कोण राहिली हे त्यांनाच कळणार आहे.

राहिली तारीख. स्तनाच्या कॅन्सरसाठी गुलाबी फिती लावायचा महिना ऑक्टोबर, हे बाहेरून ठरून आलं आहे. निफाड-दिंडोरीत त्या महिन्यात बागांची छाटणी असते आणि नवरात्राचे उपवासही बहुधा त्याच सुमारास. ज्या बायकांसाठी तुम्ही कार्यक्रम करताय, त्या मजुरीवर असतील. सभागृह भरेल, पण नोकरदार आणि निवृत्त बायकांनी. तारीख हलवता येत असेल तर पोळा-गणपतीच्या आसपास घ्या, नाहीतर संध्याकाळी सातनंतर वस्तीवरच बसा. आणि पत्रिका छापायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा की तपासणी कुठल्या वारी होते आणि ती करणारी सिस्टर त्या आठवड्यात रजेवर तर नाही ना. तो वार आणि ती वेळ पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरात छापा.